पाच मंगळवार

फॉर्मवर सहा प्रश्न होते. पाचवा होता, तुम्हाला लिहिलेलं संगीत वाचता येतं का? मी 'हो'वर खूण केली.

खोटं बोलायचं असं ठरवून केली नाही. आमच्या तालुक्याच्या गावी भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांकडे मी दोन वर्षं बसलो होतो. सा रे ग म वहीत लिहून घ्यायचो, काळी दोनच्या पट्टीत बऱ्यापैकी गायचो, शाळेत प्रार्थना सांगायला मीच पुढे असायचो. मला वाटलं, म्हणजे येतंच की. दुसरं असं, की आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि तिथवर पोचेपर्यंत फॉर्मांविषयी एक गोष्ट मी पक्की शिकलो होतो. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि 'नाही' लिहायचं नाही. शिष्यवृत्ती असो, वसतिगृह असो, व्हिसा असो, 'नाही' लिहिलं की कागद परत येतो.

ॲडलेडच्या मॉसन लेक्स या उपनगरात राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. युनिव्हर्सिटी चालत दहा मिनिटांवर. त्या वर्षांत आमच्यासारखी मुलं विमानं भरभरून येत होती. एका घरात आम्ही चौघे, दिवसा लेक्चर, उरलेल्या वेळात शिफ्ट. माझी मास्टर्सची शेवटची सहामाही होती आणि मंगळवारची संध्याकाळ तेवढी मोकळी होती. लायब्ररीतल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: गायक हवेत, खास करून पुरुषांचे खालचे आवाज, परीक्षा घेतली जाणार नाही. परीक्षा नाही म्हटल्यावर मी गेलो आणि तो फॉर्म भरला.

घरी आल्यावर शेजारच्या खोलीतल्या पुणेकराला सांगितलं. नोव्हेंबरच्या शेवटी कार्यक्रम आहे, आजच्या काळातल्या डॅनिश रचना, वाद्यांशिवाय गायच्या.

"डॅनिश म्हणजे ती बिस्किटं ना? निळ्या डब्यातली?"

"देश आहे तो."

"माहितीय रे. आई त्या डब्यात सुई-दोरा ठेवते. गातात पण का ते लोक? आणि तबल्यावर कोण?"

"कोणी नाही. नुसते आवाज. पेटीसुद्धा नाही."

"आणि त्यासाठी तुला घेतलं?" तो म्हणाला. "परीक्षा नव्हती म्हणतोस ना. बरोबर."

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तालीम असे. जुलै महिना, कडाक्याची थंडी, भिंतीला लटकलेला एकच हीटर. तीसेक माणसं होती, बहुतेक केस पिकलेली. गायन बसवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. सगळे त्यांना नावाने हाक मारत, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. तोंडाने मी मॅडम म्हणे आणि मनात बाई, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. त्या ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी नेत आणि त्या बारीक आवाजावरून प्रत्येक गटाला आपापला पहिला सूर गुणगुणून देत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, सगळ्यात उंच आवाजापासून सगळ्यात खालच्यापर्यंत. बस्स, तेवढाच आधार. पुढची सहा मिनिटं एकमेकांच्या भरवशावर.

मला बासमध्ये उभं केलं. आम्ही पाच जण होतो. माझ्या हातात कागद आला आणि पाच रेघांवरच्या काळ्या टिंबांकडे मी पाहत राहिलो. यातलं एकही अक्षर मला येत नव्हतं. माझं सा रे ग म त्यात कुठेच नव्हतं.

उजवीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. उंच, किंचित वाकलेले, डाव्या कानात श्रवणयंत्र. त्यांनी दहा मिनिटं मला पाहिलं असेल. मग काही न बोलता स्वतःचा कागद माझ्यापुढे धरला आणि गाता गाता टिंबांखालून बोट सरकवायला लागले. बोट वर गेलं की मीही वर, थांबलं की थांबायचं. चहाच्या सुट्टीत ते हळूच म्हणाले, "वाचता येत नाही ना?"

मी मान खाली घातली.

"नो वरीज. तुझा कान चांगला आहे. बोटाकडे बघत जा."

"फॉर्मवर मी हो लिहिलंय."

"मग काय, मी लिहून देऊ त्यांना?" ते हसले आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली.

त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतोय.

ते मूळचे डेन्मार्कचे, पंचविशीत सुतारकाम करायला इकडे आलेले. मी त्यांना काका म्हणायला लागलो. अर्थ विचारला तेव्हा बापाचा भाऊ असं सांगितलं. "चालेल," म्हणाले, "पुतण्या पहिल्यांदाच मिळतोय." तालीम संपली की ते मला त्यांच्या जुन्या गाडीतून घरी सोडत. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. तीही तिकडचीच. घरात दोघांची डॅनिश चाले. ती गेल्यापासून ती भाषा त्यांच्या तोंडातून कोणाशी म्हणून बाहेर पडली नव्हती. "फ्रीजशी बोलतो कधी कधी," ते म्हणाले, "तो उत्तर देत नाही, पण घुमतो."

म्हणून हा कार्यक्रम त्यांचा होता. बाईंनी रचना निवडल्या होत्या, पण शब्द शिकवायचे ते काकांनीच. दर मंगळवारी पहिली वीस मिनिटं ते पुढे उभे राहत. ती भाषा बोलायला फार अवघड. शब्द अर्धा उच्चारायचा आणि उरलेला गिळायचा. काही ठिकाणी आवाज मधेच अडकवायचा, उचकी येता येता थांबावी तसा. सगळे इंग्रजी अक्षरांत खुणा करून घेत, मी देवनागरीत लिहून घेई. एकदा काकांनी माझा कागद घेतला आणि उलटा-सुलटा करून पाहिला. "आमच्या भाषेला कोणी असे कपडे घातले नव्हते," म्हणाले. उजेडाचा शब्द मी 'ल्यूस' असा लिहिला होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं आणि बाईंना ओरडून सांगितलं, "ऐका, याचा उच्चार सगळ्यांपेक्षा बरोबर आहे!" तीस माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला त्या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं. तोवर इतक्या माणसांनी माझ्याकडे कौतुकाने एकदाही बघितलं नव्हतं.

आता चूक सांगतो.

शेवटची रचना बर्फाखाली झोपलेल्या शेताविषयी होती. तिच्या शेवटच्या पानावर सगळे गट फुटत. बासचेही दोन भाग होत. खालच्या सुरावर तिघे, वरच्या सुरावर काका आणि मी. या दोन सुरांत अंतर इतकं कमी, की पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यासारखं वाटे. वर टेनर-आल्टोंचंही तसंच. सगळे सूर एकमेकांना घासत उभे राहत आणि बाईंच्या हाताची खूण होईपर्यंत तसेच धरायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी चुकलं. बाई मात्र डोळे मिटून हसत होत्या.

आमच्याकडे भजनात जो वेगळा ऐकू येतो तो बेसूर. पेटीवाले गाता गाता कोपराने ढोसायचे, "मिळव, मिळव." मिळवायचं म्हणजे शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज असा सोडायचा की कोणता कोणाचा कळू नये. लहानपणापासून माझ्या गळ्याला ही सवय होती, आणि ती चांगली सवय आहे असं मला आजही वाटतं. पण तिथे ती नको होती. डावीकडचा खालच्या सुराचा उंच माणूस जोरात गाई. तो सूर धरला की माझा गळा माझ्या नकळत उतरून त्याच्यात जाऊन मिळे. मिळालं की मला बरं वाटे. वाटे, चला, जमलं.

आणि काका वरच्या सुरावर एकटे पडत. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई, पण मी अगदी खेटून उभा असल्यामुळे माझा आवाज त्यांना ऐकू येई. तो खाली गेला की त्यांना वाटे आपलंच काही चुकतंय, आणि त्यांचा आवाज थरथरे.

सप्टेंबरपासून बाई तिथे थांबायला लागल्या. "वरच्या बासमध्ये काहीतरी सुटतंय," म्हणत. पुन्हा गायला लावत. पुन्हा सुटे. त्यांची नजर काकांच्या कानातल्या यंत्राकडे जाई आणि लगेच दुसरीकडे वळे. सगळ्यांचीच जाई. माझीही जाई. मी मनात म्हणायचो, बिचारे, वय झालं.

इथवर मी अजाण होतो. पुढचं तसं नाही.

ऑक्टोबरमध्ये बाईंनी प्रत्येकाला एक सीडी दिली. त्यात प्रत्येक गटाचा सूर वेगळा करून गायलेला होता. रविवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. लॅपटॉपवर वरच्या बासचा भाग लावला आणि त्याच्यासोबत गायलो. बरोबर आला. मग मी मोबाइलवर स्वतःचा आवाज भरून घेतला, या खेपेला सीडीवर खालचा बास लावून. ऐकलं. शेवटच्या पानावर माझा आवाज सरळ घरंगळत खाली गेला होता. पुन्हा केलं. पुन्हा गेला. चार वेळा केलं. सुटणारा सूर काकांचा नव्हता. माझा होता.

दोन दिवसांनी मंगळवार होता. मी ठरवून गेलो होतो की आधी बाईंना गाठायचं. पण बस उशिरा आली, शब्दांचा तास सुरू झाला होता. मग शेवटचं पान आलं. बाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "वरचे दोघे फक्त. आणि खालचा सूर कोणीतरी एक धरा." त्या उंच माणसाने धरला. आम्ही दोघे गायलो. मला माहीत होतं कुठे धरायचं. तरी गळा गेला खाली. माझ्याबरोबर काकांचा आवाज डगमगला आणि बंद पडला.

बाई फार हळू आवाजात काकांना म्हणाल्या, "इट्स ऑल राइट."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तीन शब्द होते. माझ्यामुळे होतंय, मॅडम. ते इंग्रजीत कसे म्हणायचे हेही मी बसमध्ये घोकलं होतं. पण मला तो फॉर्म आठवला. व्हिसाच्या प्रत्येक कागदाखाली छापलेलं असतं, खोटी माहिती दिल्यास काय होईल ते. वाचता येत नाही हे उघडं पडलं तर फॉर्म निघेल, ती गोष्ट युनिव्हर्सिटीला कळेल, तिथून आणखी कुठे जाईल. गायनाच्या मंडळाचा फॉर्म तो, कुठल्या तरी खोक्यात पडला असेल. आज हसू येतं. पण भीती खरी होती. आणि तिच्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती खोटी नव्हती. मला तिथून काढलेलं नको होतं.

चहाच्या सुट्टीत बाई काकांना घेऊन बाहेर गेल्या. काचेतून दिसत होतं. बाई बोलत होत्या, काका बुटाच्या टोकाने खडे सरकवत होते. मग काकांनीच बाईंच्या खांद्यावर थोपटलं. आत आले, खुर्चीवरचा कोट उचलला. माझ्याजवळ थांबले.

"कान गेले, मेट," म्हणाले. "आता वरचा सूर तू सांभाळ. एकटा धरशील ना?"

मी म्हणालो, "हो."

आणखी एका 'हो'वर खूण.

त्या आठवड्यात घरून पाकीट आलं. मी ऑस्ट्रेलियात गातो हे वडिलांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, त्यांनी गावच्या साप्ताहिकाला. माझा दहावीचा फोटो आणि खाली चार ओळी: आपल्या तालुक्याचा सुपुत्र, संगीताचा उत्तम जाणकार, परदेशी गायकांना साथ देत आहे. वडील जिनिंगमध्ये काम करायचे. कात्रणाच्या कडा त्यांनी पट्टी ठेवून सरळ कापल्या होत्या. फोनवर म्हणाले, "पेटीबिगर कसं गाता रे? सूर कोण देतं?"

"एकमेकांचा ऐकायचा असतो," मी म्हणालो.

"मग शेजारी चांगला पाहिजे," वडील म्हणाले.

ते कात्रण मी कपड्यांखाली ठेवलं. पुणेकराला सापडलं तेव्हा तो मोठ्याने वाचायला लागला, "उत्तम जाणकार! अरे फ्रेम कर ना हे!" मी त्याच्या हातातून ते इतक्या जोरात ओढलं की एक कोपरा फाटला. "सॉरी यार," म्हणाला. त्याला वाटलं मला घरची आठवण आली.

पुढचे पाच मंगळवार मी एकट्याने वरचा सूर शिकलो. शिकलो म्हणजे खरंच शिकलो. गावाकडे शाहीर कानावर हात ठेवून गातात ते आठवलं. डाव्या कानात बोट घातलं की शेजारच्याचा सूर दूर जातो आणि स्वतःचा डोक्यात वाजतो. आधी घरी केलं, मग तालमीत. तिसऱ्या मंगळवारी बोट काढूनही सूर जागेवर राहिला. दोन सूर घासतात तेव्हा त्यांच्यामध्ये एक थरथर उभी राहते, उकळायला आलेल्या पाण्यासारखी. ती ऐकू यायला लागली. तोवर जी मला चूक वाटत होती तिच्यासाठीच ते सगळं लिहिलेलं होतं. मिळायचं नाही आणि सोडायचंही नाही. बाई म्हणाल्या, "सुरेख." मान वर करून पाहायची मला हिंमत झाली नाही. उजवीकडची जागा मोकळी होती, तिथे कोणी सरकलं नव्हतं.

दर बुधवारी काकांचा फोन येई. "काल कसं झालं? शेवटचं पान?"

"बरं झालं."

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" मग ते मला एखादा शब्द फोनवर म्हणायला लावत. शब्द चुकला तर दुरुस्त करत. फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचो, माझी पाळी नसली तरी.

प्रत्येक बुधवारी सांगता आलं असतं.

कार्यक्रम नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोनला होता. बाहेर चाळीसच्या वर पारा, रस्त्यावर जॅकरांडाची फुलं करपून पडलेली, आणि आत आम्ही काळ्या कपड्यांत बर्फाखालच्या शेताचं गाणं म्हणायला उभे. काका पहिल्या रांगेत होते. टाय बांधला होता. मांडीवर गाण्यांचा कागद होता, पण तो त्यांनी उघडला नाही. आम्ही गायला लागलो तसे त्यांचे ओठ हलायला लागले, आवाज न करता, शब्दाला शब्द. 'ल्यूस' आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उचलल्या.

शेवटचं पान आलं. गट फुटले. डावीकडून खालचा सूर आला, मी वरचा धरला. गळा हलला नाही. सगळे सूर एकमेकांना घासत उभे राहिले आणि ती थरथर छताला जाऊन लागली. बाईंचा हात मिटेपर्यंत ती टिकली. मग शांतता. मग टाळ्या. मी आयुष्यात इतकं नीट काही गायलो नव्हतो.

नंतर हॉलमध्ये सगळे थंड पाणी पीत होते तेव्हा काका गर्दीतून माझ्यापर्यंत आले. डोळे ओले होते. माझे दोन्ही हात धरले.

"म्हणजे मीच होतो," ते म्हणाले. "मनात थोडी शंका होती बघ. आज गेली. मी बाजूला झालो आणि बरोबर आलं. बरं केलं मी."

मी तोवर समजत होतो की सूर शिकून मी काहीतरी भरून काढतोय. मी जितका बरोबर गायलो तितके ते खोटे ठरले होते, तेही त्यांच्याच तोंडाने. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थँक यू."

त्या रात्री झोप लागली नाही. सोमवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. ते गॅरेजमध्ये लाकूड तासत होते. मला पाहून आनंदले, आत नेलं, कॉफी केली. मी खुर्चीत बसायच्या आत बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. सुरुवातीपासून सांगितलं. भजन, शेजाऱ्यात आवाज मिळवणं, सीडी, मोबाइलवर भरलेला आवाज. काकांनी उजवा कान माझ्याकडे केला होता.

मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कळलं कधी तुला?"

"रविवारी. तुम्ही गेलात त्याच्या दोन दिवस आधी."

"आधी."

"हो."

"आणि मी गेल्यानंतर कार्यक्रमापर्यंत किती मंगळवार होते?"

"पाच."

ते उठले. सिंकपाशी गेले, स्वच्छ असलेला कप पुन्हा धुतला. पाठ माझ्याकडे होती. "तीस माणसं माझी भाषा गात होती," ते म्हणाले, "आणि मी तोंड मिटून बसलो होतो. कोणाचं बिघडू नये म्हणून."

सॉरी म्हणालो असेन, आठवत नाही. म्हणालो असेन तरी तो शब्द तिथे पुरला नसता.

मग ते वळले. "मला कशाला सांगतोस? मी कोणाला सांगू? म्हातारा स्वतःच म्हणतोय माझे कान ठीक आहेत, कोण ऐकेल? त्यांना सांग."

"मला दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला नोकरी लागली आहे, काका. शनिवारी निघतोय."

"शनिवारच्या आधी मंगळवार येतो," ते म्हणाले.

त्या मंगळवारी वर्षअखेरचा चहा होता. प्रत्येकाने काही ना काही करून आणलं होतं, मी पोह्यांचा चिवडा नेला होता. डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच बोललो. फॉर्मपासून सुरुवात केली. मला वाचता येत नाही म्हणालो तेव्हा कोणीतरी हसत म्हणालं, "आमच्यातल्या निम्म्यांना येत नाही, लव्ह." मी म्हणालो, थांबा, पुढे आहे. पुढचं सांगितलं. मग कोणी हसलं नाही. डावीकडे उभा राहणारा तो उंच माणूस हातातली बशी बघत राहिला. बाई खाली बसल्या.

"मी प्रत्येकाला एकेकटं ऐकायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी यंत्र पाहिलं आणि ठरवून टाकलं."

"चूक तुमची नाही, मॅडम."

"थोडी आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची तुझी." त्यांनी तिथूनच काकांना फोन लावला आणि बाहेर गेल्या. त्या आत येईपर्यंत कोणी काही खाल्लं नाही. मग एका बाईने चिवड्याचा डबा उघडला, थोडा हातावर घेतला आणि डबा पुढे दिला. कोणी मला जा म्हणालं नाही. ज्या गोष्टीला मी पाच आठवडे भ्यालो होतो ती घडलीच नाही, आणि ती घडणार नव्हती हे तिथल्या कोणीही मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

टूवूंबात मला गाडी घ्यावी लागली. बस जवळजवळ नाहीतच. नोकरीत मी चांगला आहे, वडिलांना इथलं घर दाखवून झालं, कृतज्ञ राहावं असं माझ्याकडे खूप काही आहे. पुढच्या हिवाळ्यात बाईंची ईमेल आली. काका परत येऊ लागले होते. वरच्या बासमध्ये, त्यांच्या जुन्या जागी. सूर अगदी खणखणीत, असं बाईंनी लिहिलं होतं. ती शेताची रचना मंडळाने पुन्हा घेतली होती.

खाली एक ओळ होती. त्या रचनेत शेवटचं पान आलं की काका कागद मिटतात आणि गात नाहीत. बाईंनी दोनदा विचारलं. काका म्हणाले, तिथे ऐकायचीच सवय झाली आहे आता.